फाटलेला ग्रुप आणि लोहा ओळीतला टॉर्क ड्रायव्हर

आधी किंमत सांगते, कारण नेमबाजीच्या रेंजवर प्रत्येकाने पहिल्यांदा तेच विचारलं. ४,२०० रुपये, पक्क्या बिलासकट, नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीच्या एका दुकानातून. वस्तू म्हणजे जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरसारखा दिसणारा टॉर्क ड्रायव्हर. मुठीवरची रिंग फिरवून १ ते ६ न्यूटन-मीटरमधला हवा तो आकडा लावायचा, स्क्रू आवळायला घ्यायचा, आणि तेवढा जोर लागला की मुठीत ‘खट्’ होतं. तिथे थांबायचं. एवढंच त्याचं काम. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत, आणि मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या कुठल्याही नीट अवजाराला लागू पडतं.

घेतला तो रायफलसाठी. मी ५० मीटर प्रोन मारते, म्हणजे पालथं पडून, पॉइंट टू-टू (.२२) बोअरच्या रायफलने. नोकरी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सहायक म्हणून. नेमबाजीचं वेड एनसीसीतलं. तेव्हा हातात डिलक्स रायफल असायची, समोर २५ यार्डांवर टार्गेट, पाच गोळ्या. आमचे उस्ताद म्हणायचे, ‘बुल मत दिखाओ, ग्रुप दिखाओ.’ गोळ्या मध्यावर लागल्या का हे नंतर, एका जागी लागल्या का हे आधी. कागदावरचा गोळ्यांचा तो झुबका म्हणजे ग्रुप. तीस वर्षं होत आली, पण रेंजवर कागद हातात आला की माझी नजर अजून तेच शोधते.

या वर्षी मार्चपासून ते सापडेनासं झालं.

माझी रायफल जर्मन बनावटीची आहे, अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक, माझ्याकडे येण्याआधी दोन हात फिरलेली. जानेवारीत टेकणावरून दहा गोळ्यांचा ग्रुप, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजला तर, १५-१६ मिलिमीटर यायचा. हा आकडा माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे १६ मिलिमीटरच्या गोलात बसणारा ग्रुप बरोब्बर मध्यावर आणला तर सगळे दहा. रायफल तेवढं देत असेल तर उरलेली जबाबदारी माझी. रायफलच २७ मिलिमीटर देत असेल, तर मी कितीही स्थिर पडून राहिले तरी नऊ येणारच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २७ आला. मग २८, मग २५. नुसता मोठा नव्हता, फाटलेला होता. सहा गोळ्या एका झुबक्यात, चार दुसऱ्या झुबक्यात, घड्याळातल्या साधारण साडेचारच्या दिशेला ११ मिलिमीटर खाली. मधली जागा कोरी. दशांशात मोजलेल्या, म्हणजे एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण असलेल्या, साठ गोळ्यांच्या सामन्यात जानेवारीत ६०९ च्या पुढे गेलेली मी सरावात ५९४ वर आले.

सल्ले भरपूर मिळाले. वय झालं, डोळे तपास. स्लिंग, म्हणजे रायफल हाताला बांधून धरणारा पट्टा, बदल. नवीन जॅकेट घे. बाहेरगावच्या एका दुरुस्तीवाल्याने तर फोटो पाहूनच फोनवर सांगितलं, नळी गेली, बदलावी लागेल. मला ते पटलं नाही. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, दाब कमी. ही नळी हजारो-हजारो गोळ्या टिकते. आणि झिजलेली नळी ग्रुप पसरवेल, त्याचे दोन नीट झुबके कशाला करेल?

याच प्रश्नाने मला सगळं सोडवायला लावलं. प्रयोगशाळेत पोरांना जे वर्षानुवर्षं सांगत आले ते स्वतःला सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि लिहून ठेवायची. एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक ग्रुपपुढे तारीख, वेळ, तापमान, गोळ्यांचा लॉट (कारखान्यातली खेप), काय बदललं, आणि व्हर्नियरने मोजलेला आकडा. पाच गोळ्यांचे ग्रुप बंद केले. पाच गोळ्या फसवतात. चांगला दिवस असला तर वाईट रायफलही पाचांत सुंदर दिसते. दहाच्या खाली मोजायचं नाही असं ठरवलं.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. आमच्या रेंजवर एक मुलगी आहे, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, माझ्यापेक्षा कितीतरी शांत मारते. तिला म्हटलं, तू माझी रायफल घे, मी तुझी घेते. तिच्या रायफलवर माझा ग्रुप १७. माझ्या रायफलवर तिचा २६, आणि तेच दोन झुबके, तीच दिशा. कागद हातात देताना ती म्हणाली, ‘ताई, हे तुमचं नाही आहे.’ दीड महिना मी जे ऐकायला तडफडत होते ते हे वाक्य. ज्यांचा ग्रुप बिघडलाय त्या सगळ्यांना हा उपाय मी सगळ्यात आधी सांगते, कारण याला एक पैसा लागत नाही. लागते ती फक्त आपली रायफल विश्वासाने दुसऱ्याच्या हाती द्यायची तयारी, रेंजवर, प्रशिक्षकांच्या समोर.

दुसरा संशय गोळ्यांवर. लॉट बदलला की ग्रुप बदलतो हे खरं आहे. एका रायफलला आवडलेला लॉट दुसरीला चालेलच असं नाही. नागपुरात आणखी एक भानगड असते. या काडतुसांच्या शिशावर बाहेरून मेणासारखं वंगण असतं. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिक्कीत डबी राहिली की ते मऊ पडतं, पुसलं जातं. मी डबी थर्मासच्या पेटीत नेते, बर्फ न घालता, नुसती उन्हापासून लांब. तर गोळ्यांचं गणित असं मांडलं. गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, ५० मीटरला पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तर त्या पडण्यात साधारण ७-८ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे टार्गेटवरची जवळजवळ एक अख्खी रिंग. पण तो फरक उभा दिसेल. वर-खाली लांबलेला ग्रुप, मध्ये सलग गोळ्या. माझे झुबके तिरके होते आणि मधली जागा रिकामी होती. तरी दुसरा लॉट मारून पाहिला, वीस गोळ्या. आकार तोच. गोळ्या सुटल्या.

मग साइट. मागचा डायऑप्टर, म्हणजे बारीक भोकाची मागची साइट, त्या मुलीचा उसना घेऊन लावला. तेच. नळी साफ केली, साफ केल्यावर पुन्हा सुरात यायला लागतात त्या वीस गोळ्या मातीत मारल्या, मग मोजलं. तेच. वारा नव्हता; मेमध्ये मी सकाळी सहालाच जाते, झळा सुरू व्हायच्या आत. हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा तुकडा) हलत नव्हता, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) घट्ट होती.

वहीत या सगळ्यावर काट मारली तेव्हा एकच ओळ उरली होती: ‘ॲक्शनचे दोन स्क्रू’.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नळी आणि ॲक्शन हा रायफलचा लोखंडी भाग लाकडी स्टॉकमध्ये बसवलेला असतो आणि त्याला खालून दोन स्क्रू धरून ठेवतात, एक पुढे, एक मागे. प्रत्येक गोळीला तो भाग धक्का खातो. पकड सारखी असेल तर तो दर वेळी त्याच जागी परत बसतो. पकड कमी-जास्त असेल तर त्याला बसायला दोन जागा मिळतात. आज इथे, पुढच्या गोळीला तिथे. कागदावर दोन झुबके.

आणि लाकूड जिवंत असतं. माझ्या घरचा अक्रोडही नागपूरचा उन्हाळा भोगतो. ४५ अंश, दुपारी हवेत ओलावा नावाला नाही, खिडकीत कूलर, म्हणजे घरातल्या घरात सकाळी कोरडं आणि रात्री दमट. लाकूड आकसलं की स्क्रूखालची पकड सैल होते, स्क्रू एक केसभरही न फिरता. मी एल-कीने तपासलं तेव्हा दोन्ही घट्टच लागले होते. ‘घट्ट’ हा शब्दच इथे कामाचा नाही, हे तेव्हा कळलं.

म्हणून लोहा ओळ.

दुकान अरुंद, आत काळोख, पण मालकाला माल पाठ. मी न्यूटन-मीटर म्हटल्यावर त्यांनी चमकून पाहिलं. ‘मॅडम, गाडीचं काम आहे का? गाडीला हा नाही पुरत, मोठा घ्या.’ नाही म्हटलं, चार-पाच न्यूटन-मीटरच हवंय. ‘मग सायकल. ते कार्बनच्या सायकलवाले नेतात, जास्त आवळली का फ्रेम चिरते त्यांची.’ रायफल म्हटल्यावर त्यांनी आधी लायसन आहे ना ते विचारलं, आणि ते मला आवडलं. तीन नग समोर ठेवले. एक हजाराच्या आतला होता, त्याच्यासोबत तपासणीचा कागद नव्हता. त्यांनी स्वतःच बाजूला केला. ‘हा घेऊ नका, हा अंदाजपंचे आहे.’ मी घेतलेल्याच्या डब्यात एका पानाचं प्रमाणपत्र होतं, नगाचा क्रमांक घालून, तीन आकड्यांवर तपासलेला. एवढ्या छोट्या ड्रायव्हरना आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे सहा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे ४ लावला तर ३.७६ ते ४.२४ मध्ये कुठेही खट् वाजू शकतं. माझ्या कामाला ते पुरेसं होतं, कारण मला जगाचा ४ नको होता. माझा ४ दर वेळी तोच यायला हवा होता.

कागदावर विश्वास ठेवला, पण तपासलंही. हे कुणालाही करता येईल म्हणून सांगते. बिट व्हाइसमध्ये आडवा पकडला, म्हणजे ड्रायव्हर जमिनीला समांतर. मुठीवर एक अॅल्युमिनियमची पट्टी बरोब्बर मध्यावर क्लॅम्पने बांधली, दोन्ही बाजू समान, म्हणजे पट्टीचं स्वतःचं वजन एकमेकांना मारतं. मग आकडा लावायचा आणि एका बाजूला १ किलोचं वजन मध्यापासून बाहेर सरकवत न्यायचं. ४ न्यूटन-मीटरला ते ४०.८ सेंटिमीटरवर खट् व्हायला हवं. दहा वेळा केलं. नऊ वेळा ३९.५ ते ४१.५ च्या दरम्यान. पहिल्या वेळी मात्र ४४ ला वाजलं. पुढे दुसऱ्या दिवशीही पहिलं खट् उशिरा. ही या नगाची खोड आहे: रात्रभर पडून राहिला की पहिला फेर जड जातो. म्हणून आता कामाआधी व्हाइसमधल्या एका रिकाम्या बोल्टवर तीन-चार खट् वाजवून घेते, मग रायफलला हात लावते.

रायफल आणली. बोल्ट बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासली, टेबलावर जुनी गोधडी. ड्रायव्हर २ वर लावून पुढचा स्क्रू आवळायच्या दिशेने नेला. खट्, स्क्रू जागचा हलला नाही. २.५ वर लावला आणि स्क्रू फिरला. मागचा स्क्रू ३ ला हलला नाही, ४ ला नाही, ५ ला नाही. साडेपाचला किंचित सरकला. पुढे अडीच, मागे साडेपाच. मी खुर्चीवर बसले आणि ते दोन आकडे वहीत लिहिताना हात थरथरत होता. अडीच महिने मी स्वतःच्या श्वासाला, डोळ्यांना, वयाला दोष देत होते.

मागचा एवढा का? बहुतेक माझ्याच हातून. मागे रायफलची साफसफाई करताना मागचा स्क्रू शेवटी आवळला जातो आणि शेवटचा असल्याने ‘अजून थोडा’ होतो. आता पद्धत ठरलेली आहे. बट जमिनीवर, नळी वर, म्हणजे ॲक्शन आपल्या वजनाने मागे टेकून बसते. दोन्ही स्क्रू आधी बोटाने, मग दोन्ही २ वर, मग दोन्ही शेवटच्या आकड्यावर, आलटून-पालटून.

शेवटचा आकडा कुठला? याचं उत्तर शोधायला शंभर गोळ्या गेल्या आणि त्या शंभर गोळ्या मी अजिबात वाया गेलेल्या समजत नाही. पाच आकडे, प्रत्येकी दोन ग्रुप, प्रत्येकी दहा गोळ्या, दोन सकाळी मिळून. ३ वर २४ आणि २७ मिलिमीटर. ३.५ वर १९ आणि २१. ४ वर १५ आणि १६. ४.५ वर १५ आणि १७. ५ वर १८ आणि १६. दोन-दोन ग्रुपवरून ४ चांगला की ४.५ हे ठरवता येत नाही, आणि तसं कुणी ठरवत असेल तर तो स्वतःची समजूत घालतोय. मला दिसलं ते एवढंच की ४ पासून पुढे जमीन सपाट आहे. दोन्ही बाजूंना थोडी जागा राहावी म्हणून ४.३ च्या आसपास, म्हणजे रिंगच्या ४.२ आणि ४.४ या दोन रेषांच्या मधोमध लावते. तुमच्या रायफलचा आकडा हा नसणार. स्टॉक अॅल्युमिनियमचा असेल तर तर नाहीच. आधी निर्मात्याने दिलेला आकडा पाहा, तिथून सुरुवात करा, त्याच्या वर उगाच जाऊ नका. लाकूड एकदा चेपलं की परत येत नाही.

झुबके ३.५ लाच एक व्हायला लागले होते, हे मुद्दाम सांगते. आधी फट भरली, नंतर ग्रुप लहान झाला. कागद एकाशेजारी एक लावले की ते डोळ्यांना दिसतं. मी ते पाच कागद फेकलेले नाहीत.

आता बाबांची गोष्ट, कारण तिच्याशिवाय हा अभिप्राय पुरा होत नाही. माझे बाबा एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत फिटर होते. आयुष्यभर हाताच्या अंदाजाने नट आवळले. ड्रायव्हर पाहिल्यावर म्हणाले, ‘चार हजार? अवं, पान्याले काय समजते? हाताले समजते.’ मी त्यांच्याशी वाद घातला नाही. लाकडाच्या ठोकळ्यात एक बोल्ट बसवला, ड्रायव्हरने त्यांना ४ चा जोर दोनदा हाताने अनुभवायला दिला, आणि मग साध्या एल-कीने पाच वेळा तेवढाच आवळायला सांगितला. प्रत्येक वेळी मी आकडा वाढवत नेऊन बोल्ट कधी हलतो ते पाहिलं. पाचही ३.५ आणि ४.५ च्या आतले निघाले. ७४ वर्षांच्या हाताचे. मग मी पाच वेळा आवळला. माझे २.५ पासून ५.५ पर्यंत.

बाबा बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, ‘तुह्या हाताले सवय नाही, म्हणून तुले पाहिजे हे.’ आणि थोड्या वेळाने, ‘पण मीही अर्धा इकडे-तिकडे आहोच की.’ तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की ते विचारतात, आज स्क्रू पाहायचे का.

पाहायचेच असतात. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि उलटा खेळ सुरू झाला. लाकडाने ओलावा घेतला, फुगलं. ४.३ वर सोडलेला पुढचा स्क्रू आठवड्याने ४.८ लाही हलेना. म्हणजे काहीही न करता पकड वाढली होती. आता दर रविवारी दोन्ही स्क्रू सैल करून नव्याने त्याच आकड्याला आणते. सैल न करता नुसतं तपासण्यात अर्थ नाही. ठरलेल्या आकड्यावर लावलेला ड्रायव्हर कमी असलेलं सांगतो, जास्त झालेलं सांगत नाही. हे अवजाराच्या डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, लिहायला हवं होतं. जुलैच्या मध्यापासून फरक मंदावला. वहीत रविवारचे आकडे एकाखाली एक आहेत आणि दिवाळीनंतर हवा कोरडी होईल तेव्हा ते पुन्हा उतरायला लागतील, तोवर वही चालूच.

तक्रारी. सोबत आलेले बिट मऊ आहेत. माझ्या मापाचा षटकोनी बिट तिसऱ्या वापरात कडेने गोल व्हायला लागला. त्याच दुकानातून चांगल्या पोलादाचा वेगळा घेतला, १८० रुपये. हे टाळू नका, कारण गोल झालेला बिट स्क्रूचं डोकं खातो आणि मग लायसनधारी बंदूक कारागिराकडेच जावं लागतं. मुठीवरचे आकडे अतिशय बारीक, राखाडीवर काळे. मला चाळीशीचा चष्मा लावूनही खिडकीपाशी जावं लागतं. रिंग अडकवायची कळ पुरेशी घट्ट नाही, पिशवीत हलताना आकडा बदललेला दोनदा सापडला, म्हणून आवळायच्या आधी आकडा वाचायचाच. हात घामेजला असेल तर मूठ घसरते. आणि खट्चा आवाज कूलर चालू असताना ऐकू येत नाही. तो मनगटात जाणवतो, पण पहिल्या वेळी मी तो चुकवला आणि तसाच पुढे दाबत गेले. हळू फिरवायचं, कूलर बंद करून.

काम झालं की रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवते, त्याच्याही खाली नाही. आतली स्प्रिंग दाबलेली राहिली की वर्षभरात आकडा सरकतो. मानकाप्रमाणे बारा महिन्यांनी किंवा पाच हजार खट्नंतर, जे आधी होईल ते, पुन्हा तपासून घ्यायला हवा. माझे पाच हजार व्हायला जन्म जाईल, तेव्हा पुढच्या मेमध्ये.

कुणी घ्यावा? लाकडी स्टॉक असेल आणि रायफल विदर्भात राहत असेल तर घ्याच. दोघा-तिघांत मिळून एक घेतला तरी चालेल. आमच्या रेंजवर आता चार जणांचे आकडे माझ्या वहीच्या मागच्या पानांवर आहेत. ग्रुप फुगलाय पण गोल आहे, एकजीव आहे, तर आधी हा घेऊ नका. आधी रायफल दुसऱ्याच्या हाती द्या, मग लॉट बदला, मग साइट पाहा. त्याला पैसे लागत नाहीत किंवा जे लागतात ते गोळ्यांचे, आणि गोळ्या तशाही मारायच्याच असतात. कुणी नळी बदला म्हणत असेल तर हे सगळं करून होईपर्यंत थांबा.

बारीकसारीक स्क्रूंसाठी, म्हणजे साइटच्या पट्टीचे, हँडस्टॉपचे, हा ड्रायव्हर १ च्या खाली जात नसल्याने उपयोगाचा नाही. तिथे मी दुसरी गोष्ट करते, स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढते. रेघ तुटली की स्क्रू सरकला. ती बाटली तीस रुपयांची आहे.

तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला याच ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, ६०० पैकी ५९७. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, ब्राँझ आणलं, ४५१.४ गुणांनी. दोघेही कोल्हापूरकडचे. त्या आकड्यांमागे किती हात, किती सराव असतो ते मला माहीत आहे, आणि त्यातला बराच भाग माझ्या वाट्याला कधी येणार नाही. पण साठ गोळ्यांत फक्त तीन नऊ, बाकी सगळे दहा, यासाठी रायफलनेही साठ वेळा त्याच जागी बसावं लागतं, हे आता कागद न बघताही कळतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारची नोंद: सकाळी साडेसहा, २६ अंश, रात्रभर पाऊस. पुढचा ४.३, मागचा ४.३, तीन रिकामे खट् आधी वाजवले. जुनाच लॉट. दहा गोळ्या, १५ मिलिमीटर, एक झुबका. अक्षर बाबांचं आहे. मी आवळत होते, ते लिहीत होते.